पहिला नंबर

पट्ट्यात तीन नंबर घालता येतात.
पहिला माझा.
विक्रांत दहेजला, प्लांटच्या गेटवर फोन जमा करावा लागतो,
म्हणून त्याचा दुसरा.
तिसरा समोरच्या निरूबेनचा.
त्यांना ऐकू कमी येतं, पण धावतात छान.

केतकीने विचारलं होतं, आई, तुम्ही पहिल्या चालाल ना?
सासूला असं कुणी विचारतं का?
म्हटलं, चालेन की. गुडघे सोडून.

लग्नाआधी सांगितलं नव्हतं त्यांनी.
कळलं ते दांडिया बाजारातल्या या स्वयंपाकघरात,
कुकरची दुसरी शिट्टी होत होती.
दातखीळ बसली म्हणून मी चमचा घातला.
कुणी कांदा आणला, कुणी पायताण,
निरूबेन जिन्यातून ओरडत होत्या, खेंच आली, खेंच आली.
सगळं ओसरल्यावर
ओट्याखाली मला तिच्या पुढच्या दाताचा
कणीएवढा तुकडा सापडला.
ती हसते तेव्हा तिथे अजून खाच दिसते,
आणि ती पुष्कळ हसते.

कितीतरी महिने मी तिच्याशी धड बोलले नाही.
फसवलं म्हणून, असं लोकांना वाटे.
मला चमचा आठवे.

आता हा पट्टा. राखाडी, रबरी,
बांगड्यांच्या मागे.
हात एका लयीत झटकला गेला की
माझा फोन किंचाळतो.
ती ताक घुसळते, फोन.
खोबरं खवते, फोन.
पंधरा सेकंदांत तिने बटण दाबायचं: मी बरी आहे.
कधी एका सेकंदात दाबते,
कधी हात पिठाचे असतात.

रोज पाऊण तास पट्टा चार्जिंगला,
कॅलेंडरखाली टांगलेला.
तेवढ्यात मला तिच्यासमोर बसून
काहीतरी करायचंच असतं.
मेथी निवडायची असते.
मेथी नसली तर तांदूळ.
ती मान खाली घालून मोबाइल बघते,
मी तिच्या पापण्या, बोटं,
ओठाची डावी कड.
आई, हे तांदूळ काल निवडले होते,
असं ती कधीच म्हणत नाही.

पितृपक्षात एका रात्री
तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
ताक नव्हतं, खोबरं नव्हतं.
दिवा लावला. कुशीवर वळवलं.
उशी बाजूला, गळ्यातली पोत सैल.
तोंडात काही घातलं नाही.
माझे हात मी माझ्याच मांड्यांखाली दाबून बसले
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.
एक मिनिट बेचाळीस.
मग घोरल्यासारखा श्वास, मग साधा.
बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाली, दूध आलं?
म्हटलं, अजून नाही. झोप.

आणि मग नवरात्र.
जागरण नको, डॉक्टरांनी बजावलेलं,
दहाला वर यायचं ठरवून ती शेरीतल्या गरब्याला उतरली.
तीन ताळी सुरू झाली आणि फोन.
निऱ्या खोचून मी दोन जिने खाली,
तर ही घेरात, घामाने निथळत,
टाळ्या.
बटण दाबायला हात मोकळा कुठे होता?
साडेनऊपर्यंत आठ वेळा.
शेवटच्या तिन्ही वेळा मी उठलेच नाही,
खालून दुसऱ्या पायरीवर बसले होते,
तिथून ती दिसत होती,
फोन मांडीवर वाजत होता.

डॉक्टरांनी महिन्याचा कागद काढला.
एवढ्या? एका संध्याकाळी आठ?
म्हटलं, ते नोरतं होतं.
ते हसले, आठांवर काट मारली,
पेन फिरवत त्या रेघांकडे जरा वेळ बघितलं,
एकसारख्या चढत गेलेल्या.
हे पान टाकून देऊ का?

नको म्हटलं, मागून घेतलं.
रेशनकार्डाच्या पिशवीत आहे घडी करून,
काड्यापेटीत ठेवलेल्या
त्या कणीएवढ्या तुकड्याला लागून.